आवड की अडवणूक?

बायकांना संशोधनाची दगदग नको असते, त्यांना शिकवायला आवडते आणि वेळेत घरी जायला आवडते, म्हणून त्या आपणहून दोन वर्षांच्या लहान कॉलेजांत जातात. यात अन्याय कसला? अमेरिकेतल्या उच्च शिक्षणाच्या कारभाऱ्यांचा हा युक्तिवाद जुना आहे आणि अजून जिवंत आहे. तो आज तपासून पाहायचा आहे.

रेल्वे आणि डाक कामगारांना त्याचे काय, असे काही बंधू विचारतील. उत्तर त्यांच्याच सर्व्हिस बुकात आहे. रूल ३८ खाली बदली मागणाऱ्या पोस्टल असिस्टंट भगिनीच्या आदेशावर काय लिहिलेले असते? 'ओन रिक्वेस्ट'. म्हणजे प्रवासभत्ता नाही आणि नव्या डिव्हिजनमध्ये सीनियॉरिटी तळाला. नवरा एका जिल्ह्यात, ती दुसऱ्या जिल्ह्यात, सासू अंथरुणाला खिळलेली, मूल दीड वर्षाचे, यातले एक अक्षर त्या आदेशावर येत नाही. तिने मागितले, आम्ही दिले, झाले! रेल्वेतही विनंती बदलीचा न्याय हाच. अमेरिकेतल्या विज्ञानाच्या प्राध्यापिकांच्या कपाळावर तोच शिक्का मारलेला आहे. तिथे त्याला 'पर्सनल चॉइस' म्हणतात, एवढाच फरक.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. १९०१ मध्ये शिकागोजवळच्या जोलिएट गावी अशा पहिल्या सरकारी कॉलेजची सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना आणि कामगारांच्या मुलाबाळांना शिक्षण द्यायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये अशा कॉलेजांचे जाळे देशभर पसरवावे अशी शिफारस केली. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. आपल्याकडची आयटीआय, नर्सिंग स्कूल आणि पदवीची पहिली दोन वर्षे एका छपराखाली आणली तर जे होईल, ते कम्युनिटी कॉलेज. फी कमी, प्रवेशाला फारशी अडकाठी नाही, संध्याकाळचे वर्ग भरपूर. दिवसभर गोदामात किंवा हॉटेलात राबून संध्याकाळी रसायनशास्त्राच्या वर्गात येऊन बसणारा विद्यार्थी तिथे नेहमीचा. रात्रपाळीची सॉर्टिंग करून कॉलेज गाठणारे आरएमएसचे जुने साथी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा विद्यार्थी वेगळा समजावून सांगायला नको. (आपल्या यूजीसीनेही २०१३ मध्ये याच नावाची योजना आणली. नाव आले म्हणून कॉलेज आले असे होत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

या कॉलेजांत प्राध्यापकाला संशोधन करावे लागत नाही. त्याचे काम शिकवणे. पूर्ण वेळ प्राध्यापकाला साधारणपणे एका सत्रात पाच विषयांचे वर्ग, म्हणजे आठवड्याला पंधरा तासांचा भार असतो. संशोधन विद्यापीठातला प्राध्यापक याच्या निम्मेही वर्ग घेत नाही. पण त्याला अनुदान आणावे लागते, प्रयोगशाळा चालवावी लागते, निबंध छापावे लागतात, आणि हे सगळे कायम होण्याच्या आधी सिद्ध करावे लागते. तिथल्या प्रोबेशनची कमाल मुदत, अमेरिकन प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनानुसार, सात वर्षे. सात वर्षे प्रोबेशन! त्यानंतर एकतर कायम, नाहीतर घरी. आता वयाचा हिशेब करा. पीएचडी हातात पडते तिशी ओलांडल्यावर. विज्ञानात त्यानंतर बहुधा आणखी काही वर्षे पोस्ट-डॉक्टरल नोकरी, म्हणजे उच्चशिक्षित उमेदवारी. मग ही सात वर्षे. बाईला मूल व्हायचे असेल तर ते नेमके याच काळात व्हायचे असते. पुरुषालाही याच काळात होते, पण त्याचे घड्याळ कोणी बघत नाही.

आता आकडे असे. जीवशास्त्रात अमेरिकेत पीएचडी होणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. मोठ्या संशोधन विद्यापीठांच्या कायम प्राध्यापकांत मात्र त्या निम्म्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. उलट कम्युनिटी कॉलेजांच्या एकूण अध्यापकांत स्त्रिया निम्म्याहून थोड्या जास्तच आहेत. मधल्या वाटेवर या भगिनी गेल्या कुठे, हे कोणालाही दिसेल.

त्यांना विचारले गेले नाही असे नाही. लिसा वुल्फ-वेंडेल आणि केली वॉर्ड या दोन अभ्यासक बाईंनी लहान मुले असलेल्या प्राध्यापिकांच्या मुलाखती वर्षानुवर्षे घेतल्या. कम्युनिटी कॉलेजांतल्या मातांवर त्यांनी सूझन ट्वॉम्ब्ली यांच्यासह २००७ मध्ये लिहिले, पुढे २०१२ मध्ये पुस्तक काढले. या बायका काय म्हणतात? शिकवायला मनापासून आवडते, विद्यार्थी आवडतात. आणि मग म्हणतात, संशोधन विद्यापीठात आपल्या गुरूंचे आयुष्य कसे चालते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले, ते आणि मूल एकत्र जमणार नाही असे वाटले. इथे जमते. पुरुष प्राध्यापकही शिकवण्याची आवडच आधी सांगतात. फरक पडतो तो पुढच्या वाक्यात. पुरुष सांगतो की मी कारखान्यात होतो, शाळेत शिकवत होतो, नाहीतर अनुदानाच्या शर्यतीचा कंटाळा आला. बाई सांगते की घराजवळ हवे होते, मुलांच्या शाळेच्या वेळा जुळत होत्या, नवऱ्याची नोकरी याच गावात होती.

हे नवऱ्याचे प्रकरण विज्ञानात जास्तच जाचक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००८ च्या अभ्यासात असे दिसले की ज्या प्राध्यापिकांचा जोडीदारही विद्यापीठातच आहे, त्यांतल्या शास्त्रज्ञ बायकांपैकी ८३ टक्क्यांचा जोडीदार शास्त्रज्ञच. तशाच पुरुषांत हे प्रमाण ५४ टक्के. म्हणजे एका घरात दोन प्रयोगशाळा हव्यात आणि एका गावात विद्यापीठ एकच. मग एकाला विद्यापीठ मिळते, दुसऱ्याने गाडीने जाता येईल एवढ्या अंतरात जे असेल ते घ्यायचे. कम्युनिटी कॉलेज जवळपास सगळीकडे असते. दुसरे कोण होते, हे सांगायला पाहणी कशाला? पती-पत्नी एकाच स्टेशनवर नेमण्याच्या सरकारी परिपत्रकासाठी ज्यांनी अर्जावर अर्ज केले, त्यांनी हे भोगलेले आहे.

कारभारी या उत्तरांतले पहिले वाक्य ऐकतात आणि फाइल बंद करतात. 'आवडते' म्हणाली ना? मग झाले. पुढचे वाक्य म्हणजे जणू तिचा घरगुती मामला!

२००५ सालच्या जानेवारीत हार्वर्ड विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष लॉरेन्स समर्स यांनी एका परिषदेत हा विचार उघड मांडला. विज्ञानाच्या वरच्या जागांवर स्त्रिया कमी का, याची त्यांनी तीन कारणे दिली आणि त्यांचा क्रमही लावला. पहिले, अशा जागा जवळजवळ सगळे आयुष्य मागतात आणि विवाहित बायका ते द्यायला पुरुषांइतक्या तयार नसतात. दुसरे, वरच्या टोकाच्या बुद्धीत जन्मजात फरक असावा. भेदभाव तिसऱ्या क्रमांकावर. गदारोळ झाला तो दुसऱ्या कारणावर, आणि तो योग्यच होता. पुढच्या वर्षी साहेबांना खुर्ची सोडावी लागली. पण आमच्या मते जास्त घातक होते ते पहिले कारण, कारण त्यावर फारसे कोणी चिडले नाही. आठवड्याला ऐंशी तास मागणारी नोकरी ही देवाने घडवलेली गोष्ट आहे आणि ती नाकारणे ही बाईची मर्जी आहे, असे त्यात गृहीत धरलेले होते. ऐंशी तास कोण मागते? मालक मागतो. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ मध्ये शिकागोत ज्यांनी रक्त सांडले, त्यांच्या देशात एका विद्यापीठाचा अध्यक्ष हे बोलतो!

त्या परिषदेतून एक बाई भाषण चालू असताना उठून बाहेर पडल्या. त्या एमआयटी संस्थेतल्या जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स. त्यांची हकिकत कामगारांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना माशांवरच्या संशोधनासाठी थोडी जागा हवी होती, ती मिळेना. तुमच्याकडे पुरेशी आहे, असे उत्तर. बाईंनी मोजपट्टी घेतली आणि संध्याकाळी इमारत रिकामी झाली की एकेकाची प्रयोगशाळा मोजून काढली. पुरुषांच्या जागा आणि बायकांच्या जागा कागदावर मांडल्यावर बोलायचे काही उरले नाही. १९९४ मध्ये त्या संस्थेच्या विज्ञान शाखेत कायम प्राध्यापक होते १९४ पुरुष आणि १५ स्त्रिया. प्रत्येकीला वाटत होते की आपलेच नशीब फुटके, आपल्यालाच भांडता येत नाही. एकत्र बसल्या, कागद पाहिले, तेव्हा कळले की तक्रार एकच आहे. सह्या करून वर गेल्या, समिती बसली, १९९९ मध्ये अहवाल निघाला आणि संस्थेच्या अध्यक्षांना भेदभाव मान्य करावा लागला. युनियन नव्हती, पण युनियनचेच काम केले त्यांनी. व्यवस्थापनाला शब्दांनी फरक पडत नाही, चौरस फुटांनी पडतो.

तरीही कोणी म्हणेल, हे जुने झाले. तर २०१२ चे घ्या. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांकडे प्रयोगशाळेतल्या नोकरीचा एक अर्ज पाठवला. अर्ज अक्षरशः एकच, फक्त अर्ध्यांकडे वर नाव जॉन आणि अर्ध्यांकडे जेनिफर. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार द्यावा असे ठरले, जेनिफरला २६,५०८. जॉन जास्त लायक वाटला. आणि हा निवाडा देणाऱ्यांत प्राध्यापिकाही पुरुषांइतक्याच होत्या. बाईने बाईला झुकते माप दिले असेही घडले नाही. २०१९ मध्ये सेक आणि ब्लेअर-लॉय या दोघींनी दाखवून दिले की विज्ञान-तंत्रज्ञानात पूर्ण वेळ काम करणाऱ्यांना पहिले मूल झाले की पुढच्या काही वर्षांत ४३ टक्के आया ती पूर्ण वेळ नोकरी सोडतात, आणि २३ टक्के बापही सोडतात. हा दुसरा आकडा विसरू नका. आवडनिवड बाईची असती तर जवळजवळ चौथा हिस्सा बाप का बाहेर पडले असते? मूल वाढवणाऱ्या माणसाला, मग तो कोणीही असो, ही नोकरी बाहेर ढकलते.

आणि मूल झाल्यावर आधार काय? अमेरिकेत सगळ्या कामगारांना लागू होईल अशी पगारी बाळंतपणाची रजा देणारा राष्ट्रीय कायदा आजही नाही. १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी, आणि वर्षात १,२५० तास काम भरलेले असेल तरच. आपल्याकडे केंद्रीय कर्मचारी भगिनींना १८० दिवसांची प्रसूती रजा आणि २००८ पासून ७३० दिवसांची बाल संगोपन रजा आहे. ती मंजूर करताना साहेब कसा तोंड वाकडे करतो हे वेगळे, पण कागदावर हक्क आहे.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर वाचकांचा गैरसमज होईल. कम्युनिटी कॉलेजात शिकवणे हे हलके काम आहे, असे आमचे म्हणणे नाही. अमेरिकेतल्या कामगाराच्या पोराला पेशी म्हणजे काय आणि विद्युतप्रवाह म्हणजे काय हे शिकवणारा शिक्षक नोबेल विजेत्यापेक्षा कमी उपयोगाचा आहे, असे म्हणणाऱ्याने हा अंक खाली ठेवावा. तिथे टिकून राहणाऱ्या बायका समाधानी आहेत असे त्या स्वतः सांगतात आणि आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवतो. प्रश्न असा आहे की हे समाधान आले कुठून? ते आले कामाच्या अटी लिहिलेल्या आहेत म्हणून. किती वर्ग घ्यायचे ते लिहिलेले. प्रोबेशन किती ते लिहिलेले, आणि ते सात वर्षांपेक्षा बहुधा कमी. ज्या कॉलेजांत युनियनचा करार आहे तिथे पगार स्केलने ठरतो: शिक्षण किती, नोकरीची वर्षे किती, बस्स. साहेबाच्या केबिनमध्ये एकट्याने जाऊन घासाघीस करायची नाही. म्हणूनच स्त्री आणि पुरुष यांच्या पगारातली दरी या कॉलेजांत मोठ्या विद्यापीठांपेक्षा बरीच कमी आहे. ड्युटी रोस्टर भिंतीवर लागले की बाईला नोकरी करता येते, हे आपण रेल्वेत शिकलो. संशोधनाच्या प्रयोगशाळेत रोस्टर नाही. मग बायका रोस्टर असलेल्या ठिकाणी जातात. याला स्वभाव म्हणायचे की शहाणपण?

पण त्या रोस्टरलाही दोन भोके आहेत, आणि दोन्हींत विज्ञानाची शिक्षिका पडते.

पहिले भोक प्रयोगशाळेच्या तासाचे. अनेक कॉलेजांत भार मोजताना व्याख्यानाचा एक तास म्हणजे एक तास, पण प्रॅक्टिकलचा एक तास म्हणजे पाऊण किंवा त्याहूनही कमी. म्हणजे इतिहासाचा शिक्षक पंधरा तास उभा राहिला की भार पूर्ण, रसायनशास्त्राची शिक्षिका वीस तास उभी राहते तेव्हा तिचा भार पूर्ण. ॲसिडच्या बाटल्या, गॅस आणि तीस पोरे सांभाळण्याचा तास पाऊण कसा? प्रॅक्टिकलला व्याख्यानाइतकेच मोल द्या, ही तिथल्या युनियन्सची मागणी आहे आणि काही ठिकाणी ती करारात उतरली आहे.

दुसरे भोक मोठे. या कॉलेजांतले सुमारे दोन-तृतीयांश अध्यापक पूर्ण वेळ नाहीतच. त्यांना 'ॲडजंक्ट' म्हणतात. सत्रापुरती नेमणूक, वर्गामागे पैसे, बसायला खोली नाही, पुढच्या सत्रात वर्ग मिळेल की नाही याची खात्री नाही. कॅलिफोर्नियात अशी माणसे सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या आणि रात्री तिसऱ्या कॉलेजात शिकवत महामार्गावर धावत असतात. लोकांनी त्यांना नावच पाडले आहे 'फ्रीवे फ्लायर'. एका कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये पूर्ण भाराच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम त्यांना द्यायचे नाही, असा तिथला कायदा. २००८ पूर्वी ही मर्यादा ६० टक्के होती. मर्यादा ओलांडली की माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल ना!

डाक कामगारांना काही ओळखीचे वाटते का? पूर्वीचे ईडी एजंट, आजचे ग्रामीण डाक सेवक, चार तासांचे नाहीतर पाच तासांचे. पाचाच्या पुढे कागदावर काम नाही, प्रत्यक्षात कितीही असो. आणि नेमणुकीच्या अटीत काय? पोटापाण्याचे दुसरे साधन हवे. ॲडजंक्ट शिक्षिकेलाही हेच ऐकवले जाते: तुझा नवरा कमावतो, तू हौसेने शिकवतेस. बाईच्या बाबतीत हा बहाणा जास्त सहज खपतो, एवढेच. बहाणा मात्र तोच. पुरुष ॲडजंक्टला निदान बेकारीचा बळी म्हणतात. बाई ॲडजंक्ट म्हणजे घर सांभाळून चार पैसे मिळवणारी सुखी गृहिणी! रजेच्या १,२५० तासांची अट हिला भरणे किती अवघड, तेही मघाच्या हिशेबावरून लक्षात येईल.

याविरुद्ध तिथल्या संघटना गप्प बसलेल्या नाहीत. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने निकाल दिला की ज्याची पुढची नेमणूक विद्यार्थी-संख्येवर अवलंबून आहे, त्याला नोकरीची खात्री आहे असे म्हणता येत नाही. म्हणून सत्र संपल्यावर त्याला बेकारी भत्ता मिळाला पाहिजे. त्याआधी १९८८ मध्ये त्याच राज्याने कायदा करून ७५ टक्के शिकवणे पूर्ण वेळ अध्यापकांकडून व्हावे असे उद्दिष्ट ठरवले. आजपर्यंत ते गाठलेले नाही. कायद्यात उद्दिष्ट आणि व्यवहारात ॲडजंक्ट, ही रीत आपल्याला नवी नाही.

आता थोडे आपल्या घरातले. आपल्याच संघटनांत असे बंधू आहेत जे म्हणतात की बायकांना टेबलाचेच काम हवे, काउंटर नको, लाइनवर तर नकोच. २०२४ मध्ये महिला लोको पायलटांनी रेल्वे बोर्डाकडे मागणी केली की एकतर कामाची स्थिती सुधारा, नाहीतर आम्हाला केडर बदलून द्या. इंजिनात स्वच्छतागृह नाही म्हणून ड्युटीच्या आधीपासून पाणी न पिणाऱ्या या भगिनी. त्यातल्या एखादीला उद्या ऑफिसात जागा मिळाली, तर तिच्या कागदावर काय लिहिले जाईल ते वर सांगितलेच आहे. आणि पाच वर्षांनी एखादा अधिकारी आकडे काढून म्हणेल, पाहा, बायकांना इंजिन चालवणे आवडत नाही. त्या वेळी आपल्यापैकी किती बंधू त्याला हटकतील?

अमेरिकेत पुढची पाहणी जो कोणी करील, त्याने प्राध्यापिकेला 'तुम्ही इथे का आलात' एवढेच विचारू नये. जिथे गेला नाहीत तिथे रजा किती होती, प्रोबेशन किती वर्षांचे होते, वरिष्ठांत लहान मुलांची आई एकतरी होती का, हे विचारावे. आणि पुरुष प्राध्यापकालाही विचारावे की मूल आजारी पडले की घरी कोण राहते. उत्तरांतला फरक तिथेच बराचसा उलगडेल.

आपल्याला कोणाच्या पाहणीची वाट बघायची गरज नाही. शाखा सेक्रेटरींनी गेल्या पाच वर्षांतल्या रूल ३८ च्या आणि रेल्वेतल्या विनंती बदलीच्या अर्जांची यादी काढावी. बायकांचे अर्ज किती, कोणत्या ऑफिसातून आणि कोणत्या डेपोतून जास्त, ते वेगळे मांडावे. ज्या ठिकाणाहून अर्ज सारखे येतात तिथे बायकांसाठी शौचालय आहे का, कॅश जुळवून बाहेर पडायला किती वाजतात, शेवटची बस किंवा लोकल किती वाजता, जवळ पाळणाघर आहे का, एवढे चार रकाने भरून तो कागद डिव्हिजनच्या पुढच्या बैठकीत स्टाफ साइडकडे द्यावा. आणि शाखेची सभा संध्याकाळी सातला ठेवण्याऐवजी जेवणाच्या सुट्टीत ठेवावी, म्हणजे ज्या भगिनींविषयी हा कागद आहे त्याही तिथे असतील.